मागाची दुखणी

विहारामागच्या खोलीत आपल्या मंडळाचे दोन हातमाग उभे आहेत, हे बहुतेक सभासदांना ठाऊक आहे. तेथे शिकायला येणारी मुलेमुली आम्हांला सर्वांत अधिक वेळा एकच प्रश्न विचारतात : धागा सारखा तुटतो, काय करावे? त्याखालोखाल धोटा उडून बाहेर का पडतो, काठ आत का ओढला जातो, कापडावर आडवे पट्टे का दिसतात, हे प्रश्न असतात. स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांची उत्तरे एके ठिकाणी लिहून ठेवावीत, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांना आणि घरचा जुना माग पुन्हा उभा करू पाहणाऱ्या सभासदांना उपयोगी पडतील, असे आम्हांला वाटले.

आमचा अनुभव थोडक्यात सांगायचा तर धागा तुटतो मागावर, पण तो तुटणार हे माग चालू होण्यापूर्वीच ठरलेले असते. नवशिका विणकर धोट्याला आणि पावडीला दोष देतो. जाणता विणकर मागे वळून ताण्याकडे पाहतो.

हे काम आपल्या समाजाला नवे नाही. विदर्भात आणि जुन्या मध्य प्रांतात महार समाजातील कितीतरी घरे जाडेभरडे कापड विणीत असत, हे इंग्रजी अमदानीतील नोंदींतही आढळते. तलम कापड आणि रेशीमकाठी लुगडी कोष्ट्यांच्या मागावर, तर शेतकऱ्याचे जाड धोतर आणि पासोडी आपल्या मागावर, अशी ढोबळ वाटणी होती. 1877 साली नागपुरास एम्प्रेस मिल सुरू झाली, इतर गिरण्या निघाल्या, स्वस्त कापड गावोगाव पोचले आणि प्रथम बंद पडले ते जाडाभरड्याचे माग. ते हात मग गिरणीत गेले. गिरणीत त्यांना काय मिळाले व काय नाकारले गेले, ते पुढे धोट्याच्या प्रकरणात सांगू.

त्याहूनही जुनी एक गोष्ट आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील एका विणकराच्या मुलीची कथा येते. गिऱ्हाईकाचे वस्त्र थोडे विणायचे राहिले होते, म्हणून बापाने तिला लवकर बाण्याचे सूत भरून आणायला सांगितले. ते भरून घेऊन जाताना ती वाटेत तथागतांच्या सभेत थांबली आणि त्यांनी विचारलेल्या चार प्रश्नांची तिने अशी उत्तरे दिली की सभा थक्क झाली. कथेचा शेवट दुःखद आहे. बाप मागावरच झोपी गेला होता. तो दचकून जागा झाला, त्याने माग ओढला आणि त्याचे टोक मुलीच्या छातीत बसून ती गेली. उपासक ही कथा अनित्यतेसाठी ऐकतात आणि ते योग्यच आहे. पण माग चालविणाऱ्याला तीत आणखीही काही दिसते. बाप विणतो आणि मुलगी कांड्या भरते, ही घरातील वाटणी तेव्हापासूनची आहे. आणि पेंगत माग ओढू नये, हेही त्यात आलेच. असो.

आता ताण्याकडे वळू. कापडात लांबीला असतो तो ताणा आणि रुंदीला भरला जातो तो बाणा. ताण्याचे धागे मागच्या रुळावर गुंडाळलेले असतात. तेथून ते हिल्डच्या डोळ्यांतून, मग फणीच्या घरांतून निघून पुढच्या, म्हणजे कापडाच्या रुळावर येतात. हिल्ड म्हणजे मधोमध डोळा असलेल्या दोऱ्यांची किंवा तारांची चौकट. पावडी दाबली की एक चौकट वर जाते, दुसरी खाली येते. निम्मे धागे वर आणि निम्मे खाली गेले की मधे जी वाट उघडते तिला आम्ही वर्गात 'तोंड' म्हणतो. त्या तोंडातून धोटा जातो, फणी तो धागा ठोकून बसविते, पावडी बदलते. साधी वीण एवढीच आहे. चार चौकटी घेऊन धागे क्रमाने ओवले आणि पावड्या क्रमाने दाबल्या की तिरकी वीण उठते, जिला बाजारात ट्विल म्हणतात. तिरकी वीण शिकण्याची घाई विद्यार्थ्यांनी करू नये. साध्या विणीत ज्याचा काठ सरळ येत नाही त्याचा तिरक्या विणीत कधीच येणार नाही.

प्रथम हिशेब. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात 840 वाराच्या किती लड्या बसतात तो आकडा. 20 नंबरी सुताच्या एका पौंडात अशा 20 लड्या असतात, म्हणून नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. फणीचा नंबर दोन इंचांतील घरांवरून मोजतात. 40 नंबरी फणीत इंचाला 20 घरे येतात आणि प्रत्येक घरात दोन धागे घातले की इंचाला 40 धागे होतात. फणीत 36 इंच रुंदी धरली तर 1440 धागे लागतील. ताणा 12 वार लांब घ्यायचा असेल तर 1440 गुणिले 12 म्हणजे 17,280 वार सूत. त्याला 840 ने भागले की साडेवीस लड्या, म्हणजे 20 नंबरी सुताचा एक पौंड आणि वर थोडे, साधारण 470 ग्रॅम. काठासाठी आणि तुटफुटीसाठी थोडे जास्त धरावे. लक्षात ठेवायचे ते असे की 12 वार ताण्यातून 12 वार कापड निघत नाही. वीण बसताना ताणा आखडतो आणि शेवटचा हातभर भाग फणीमागे अडकून वाया जातोच. हा हिशेब न करता सूत आणल्यामुळे शेवटच्या टॉवेलाचे शेवटचे चार इंच अडल्याचे आम्ही पाहिले आहे. मग बाजारातून आणलेल्या त्याच रंगाच्या सुताची छटा वेगळी निघते.

एकेरी कोरे सूत असेल तर ते रात्रभर पाण्यात भिजवून चांगले तुडवावे लागते. कापसाचा नैसर्गिक मेणचटपणा निघाल्याशिवाय त्यात खळ मुरत नाही. खळ तांदळाच्या पेजेची किंवा मैद्याची करतात आणि धागा मऊ राहावा म्हणून तीत थोडे तेल घालतात. खळीचे काम एकच आहे. धाग्यावरची लव चिकटून बसली पाहिजे, म्हणजे फणीच्या घरात तो घासला तरी उसवत नाही. खळ कमी पडली तर धागा केसाळ होतो आणि शेजाऱ्याला बिलगतो. जास्त झाली तर कडक होऊन काडीसारखा तुटतो आणि मागाखाली पांढरा भुगा पडतो. सकाळी मागाखालची जमीन पाहिली की खळीचे प्रमाण समजते. पावसाळ्यात खळ आंबते, म्हणून ती रोज ताजी करावी. जुने लोक ताणा गल्लीभर पसरून त्यावर कुंच्याने खळ देत, तिला पांजणी म्हणत. तेवढी जागा आज शहरात कोणाकडे नाही. म्हणून नवशिक्यांना आम्ही दुपदरी सूत देतो. दोन पदर पिळून झालेल्या सुताला खळ थोडी लागते किंवा लागतच नाही. किंमत जास्त पडते, पण पहिला ताणा निभावतो.

ताणा घालताना एकाआड एक धागा वरखाली घेऊन मधे फुली पाडतात आणि त्या फुलीत दोन काठ्या घालून ठेवतात. कोणता धागा कोणाच्या शेजारी, हे त्या दोन काठ्यांवरूनच कळते. आमचा पहिला ताणा रुळावर चढविताना 'अडचण होते' म्हणून आमच्यापैकीच एकाने काठ्या काढून टाकल्या. चौदाशे धाग्यांचा जो गुंता झाला तो तीन दिवस सोडवूनही सुटेना. शेवटी कात्री लावली. तेव्हापासून काठ्यांची टोके सुतळीने बांधल्याखेरीज ताण्याला हात लावायचा नाही, असा वर्गाचा दंडकच आहे. रुळावर चढवितानाही दर फेऱ्यात जाड कागद किंवा बांबूच्या कामट्या घालाव्यात. तसे न केल्यास वरचे धागे खालच्या थरात रुततात, काही धागे लांब व काही आखूड होतात आणि विणताना निम्मा ताणा ताठ, निम्मा ढिला राहतो. यावर मागाहून उपाय नाही.

आता धागा तुटण्याविषयी. तुटला की लगेच गाठ मारून पुढे जाऊ नये. तो कोठे तुटला हे पाहावे. दर वेळी तोच धागा त्याच ठिकाणी तुटत असेल तर दोष सुताचा नव्हे. फणीच्या त्या घराची पाती वाकलेली असते, गंजलेली असते किंवा हिल्डच्या डोळ्याला गाठ वा खरखर असते. बोट फिरवून पाहिले की सापडते. बारीक पॉलिश कागदाने पाती घासावी, दोऱ्याचा डोळा बदलावा. सगळीकडून, कधी इकडे कधी तिकडे धागे तुटत असतील तर तीन गोष्टी तपासाव्यात. ताण जास्त आहे काय, खळ बिघडली आहे काय, आणि तोंड गरजेपेक्षा जास्त उघडते काय. धोटा सहज जाईल एवढेच तोंड हवे. पावडीची दोरी आखूड बांधून तोंड मोठे केले की प्रत्येक दाबागणिक प्रत्येक धाग्याला फुकटचा ओढा बसतो. फक्त काठाचेच धागे तुटत असतील तर मात्र चूक बाण्याची आहे. बाणा घट्ट ओढला जातो, कापड आत आखडते आणि काठाचे धागे फणीच्या कडेला तिरके घासले जातात.

चौथे कारण हवेचे आहे. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत सूत वाळून कोरडे होते आणि सकाळी निमूट चालणारा ताणा दुपारी दर दहा मिनिटांना तुटू लागतो. कापूस ओलावा धरतो तेव्हा बळकट असतो. जुने विणकर खड्ड्याचा माग वापरीत, त्यामागे हेही एक कारण होते. जमिनीतील गारवा ताण्याला खालून मिळत असे. आपले माग चौकटीचे आहेत, खड्ड्याचे नाहीत. तेव्हा उन्हाळ्यात पहाटे विणावे, खोलीत पाणी शिंपडावे, मागाखाली ओले गोणपाट अंथरावे आणि पंखा ताण्यावर सोडू नये. शेवटची सूचना विद्यार्थ्यांना मुळीच आवडत नाही.

ताणा ठीक असूनही सगळेच वाकडे येत असेल, कापड एका बाजूला सैल आणि दुसऱ्या बाजूला घट्ट बसत असेल, तर एक सुतळी घ्यावी. मागाच्या चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत मोजावे, मग दुसऱ्या जोडीचे मोजावे. दोन्ही मापे सारखी नसतील तर माग काटकोनात उभा नाही. पाचरी ठोकून आणि बोल्ट आवळून तो सरळ करावा. आपला दुसरा माग आला तेव्हा असाच तिरका होता आणि आम्ही कित्येक दिवस उगाच फणी बदलीत बसलो होतो.

धोट्याचे दुखणे वेगळे. इंग्लंडात जॉन के याने 1733 मध्ये धावत्या धोट्याचे पेटंट घेतले, त्यापूर्वी धोटा हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलावा लागे. आता दोरीला झटका दिला की तो पेटीतून सुटून पलीकडच्या पेटीत जातो. तो उडून बाहेर पडत असेल तर बहुधा तोंड स्वच्छ उघडलेले नसते. खालचा एखादा ढिला धागा वर लोंबत असतो किंवा तुटलेल्या धाग्याचे शेपूट दोघांना गुंतवून बसलेले असते. आधी ते पाहावे. मग धोट्याची वाट, म्हणजे फणीपुढची पट्टी, सरळ आहे की मधे फुगली आहे ते पाहावे. पेटीतील ठोकणारा तुकडा झिजून त्याला खोलगट भोक पडले असेल तर धोटा तिरका सुटतो, तो तुकडा बदलावा. झटकाही बेताचा द्यावा. धोट्याच्या टोकांना लोखंड असते. मागाच्या दोन्ही बाजूंना लहान मुलांनी उभे राहू नये, हा नियम आम्ही खडूने भिंतीवर लिहून ठेवला आहे.

बाणा मधेच तुटत असेल तर कांडी पाहावी. सैल भरलेल्या कांडीचे वेढे एकदम घसरतात आणि डोळ्यापाशी अडकतात. कांडी घट्ट, निमुळती आणि दोन्ही टोकांना थोडी जागा सोडून भरावी. हे काम घरोघर बायकांनी आणि मुलींनी केले व त्याची मजुरी कधी वेगळी मोजली गेली नाही. कापड विणले बापाने, असेच लोक म्हणत. 2019-20 च्या चौथ्या हातमाग गणनेत देशात विणकर व संबंधित कामगार मिळून सुमारे 35 लाख नोंदले गेले आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. कांडीवालीला मजुरी देताना आपल्या सभासदांनी हे ध्यानात ठेवावे.

नवी कांडी धोट्यात बसविली की तिचे टोक धोट्याच्या बारीक डोळ्यातून बाहेर काढावे लागते. हे करण्याची सर्वांत जलद रीत म्हणजे डोळ्याला ओठ लावून श्वासाने धागा ओढून घेणे. मुंबईच्या गिरण्यांत साचेवाले दिवसभर हेच करीत. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई आणि या एका कारणावरून अस्पृश्य कामगारांना साळखात्याची दारे बंद होती. त्यांना सूतखात्यात काम मिळे, विणकामात नाही, आणि विणकामाचा पगार अधिक होता. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माग चालले, त्यांना माग येत नाही म्हणून नव्हे, त्यांची थुंकी चालत नाही म्हणून बाहेर ठेवले गेले. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी परमपूज्य बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की, सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क मागण्यांत घाला, नाहीतर आपल्या माणसांना संपापासून दूर राहायला सांगू. पुढाऱ्यांनी नाखुशीनेच ती मागणी घातली. आणि ती मालकांपुढे गेली तेव्हा, हा अन्याय असेल तर तो आमच्याकडून झालेला नाही, असे सुनावून मालकांनी त्याच पुढाऱ्यांना गप्प केले.

आपल्या वर्गात धोटा तोंडाला लावायचा नाही. बारीक तारेचा आकडा प्रत्येक मागाला दोरीने बांधलेला आहे, त्याने धागा ओढावा. याचे कारण विटाळ नव्हे, हे आम्ही दर वर्षी मुद्दाम सांगतो. तोंडाने ओढताना सुताची लव आणि रंग पोटात व छातीत जातो, आणि एकाचा खोकला दुसऱ्याला लागतो. परंतु आकडा का आला हे सांगताना साळखात्याची हकिकतही सांगितली जाते. गेल्या खेपेस एका मुलीने विचारले की, आकडा इतका सोपा होता तर तेव्हा त्यांनी तो का नाही वापरला? या प्रश्नावर आम्हांला त्या दिवशी पुढचा पाठ घेता आला नाही.

काठाचे थोडे सांगायचे राहिले. बाणा टाकताना तो सरळ ताठ न टाकता किंचित तिरका किंवा कमानीसारखा ठेवून मग फणी मारावी, म्हणजे त्याला आखडायला सूत मिळते. काठाच्या पाचसहा घरांत धागे दुहेरी घ्यावेत. टोकाला दात असलेली ताणपट्टी कापडावर लावून दर दोन इंचांनी पुढे सरकवावी. आडव्या पट्ट्यांचे कारण बहुधा हात असतो. राग आलेल्या माणसाचे कापड दाट येते आणि गप्पा मारणाऱ्याचे विरळ. इंचात बाण्याचे धागे किती हे मधून मधून मोजावे.

बारीक दुरुस्तीपलीकडचे काम निघाले तर नागपूर किंवा मुंबई येथील विणकर सेवा केंद्रात विचारावे. पॉवरलूमच्या भावाशी आपले कापड टिकणार नाही, हे सभासदांनी आधीच समजून घ्यावे. चीवर, उपोसथाची पांढरी वस्त्रे, विहारातील आसने अशी आपल्याच समाजाला लागणारी वस्त्रे विणावीत, असे आमचे मत आहे. म्यानमारमध्ये कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास स्त्रिया रात्रभर माग चालवून पहाटेपर्यंत चीवर पुरे करतात. तसे करायचे तर ताणा एकदाही बिघडून चालणार नाही. आम्ही अजून तेथवर आलेलो नाही.

संध्याकाळी माग बंद करताना पावड्या सोडून द्याव्यात, म्हणजे तोंड मिटलेले राहील. मागच्या रुळाचा ताण थोडा सैल करावा. ताणा रात्रभर ताठ राहिला तर सकाळी त्याच ठिकाणी कापडावर रेघ उमटते. उंदरांना खळीचा वास लागतो, म्हणून ताण्यावर जाड कापड टाकून ते चारी बाजूंनी खोचावे. सकाळी आल्यावर आधी ताण घ्यावा, कालचे शेवटचे दोन-तीन बाणे उसवून काढावेत आणि मग विणायला बसावे.